तू नसशील तर तुझा सूर कोण वाजवणार?

गाण्याचा क्लास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती परीक्षा, नाहीतर टीव्हीवरची स्पर्धा. पण एका देशानं मुलांना घोळक्यानं वाद्यं शिकवायचं ठरवलं आणि जगभरचे लोक ते बघायला गेले. काय असतं या घोळक्यात?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारी साताऱ्याला मावसभावाचं लग्न होतं. पंगत ऐन रंगात आलेली, माझ्या हातात मठ्ठ्याचा दुसरा ग्लास आणि आमची आठ वर्षांची भाची ताईचा पदर ओढत एकच धोशा लावून बसलेली, ‘‘आई, निघू या ना. पाचला क्लास आहे.’’

‘‘अगं, एक दिवस बुडला तर काय आभाळ कोसळणार आहे?’’ ताईनं समजावून पाहिलं.

बाईसाहेबांचं उत्तर तयार होतं. ‘‘मी नसले तर माझा सूर कोण वाजवणार?’’

झालं! जिलबी अर्धी टाकून आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत मी विचारलं, ‘‘एवढं काय वाजवतेस गं तू?’’ तेव्हा कळलं की पंधरा मुलांच्या ग्रुपमध्ये ही मेलोडिका वाजवते. मेलोडिका म्हणजे तोंडानं फुंकायची छोटीशी पेटी. नव्या गाण्यात तिच्या वाट्याला अवघे चार सूर आलेत. ध्रुवपद संपताना ते वाजवायचे आणि बाकी वेळ मात्रा मोजत बसायचं. पण ते चार सूर दुसऱ्या कुणाकडेही नाहीत. त्या दिवशी आमच्या गाडीत सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच होती!

मला माझी सहावी आठवली. शाळेत समूहगीत स्पर्धेची तयारी चालली होती. बाई रांगांमधून फिरत फिरत माझ्यापाशी थांबल्या, कान देऊन ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, ‘‘तू मागच्या रांगेत जा. नुसते ओठ हलव.’’ मी इमानेइतबारे ओठ हलवले. शाळेचा दुसरा नंबर आला. सर्टिफिकेटवर माझंही नाव होतं. त्यानंतर मी बाथरूममध्येही कधी गायलो नाही.

म्हणजे बघा, एकीला वाटतं की आपल्यावाचून गाणं अडतं. दुसऱ्याला कळतं की आपण गप्प राहिलो तर ते जास्त चांगलं होतं. ग्रुप तर दोन्हीकडे होता. मग फरक कुठे पडला? याचं उत्तर शोधायला लागलं की रस्ता थेट दक्षिण अमेरिकेत जातो. व्हेनेझुएला नावाच्या देशात, कराकस शहरातल्या एका गॅरेजमध्ये.

अकरा मुलं, पन्नास स्टँड

होसे अँटोनिओ आब्रेऊ (१९३९-२०१८) हा माणूस शिक्षणानं अर्थतज्ज्ञ. अर्थशास्त्रात डॉक्टरेट, सरकारी नियोजनाच्या कामाचा अनुभव, पुढे देशाचा संस्कृतीमंत्री. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच, आकडे आणि फायली सांभाळणारा. पण पियानो, ऑर्गन आणि संगीतरचनाही रीतसर शिकलेला. त्याला एक गोष्ट खुपत होती. तेलाच्या पैशावर देश श्रीमंत झाला होता, पण मोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये बसायचे ते मुख्यतः बाहेरून आलेले वादक. आपल्या पोरांना तिथे जागाच नाही.

१२ फेब्रुवारी १९७५ रोजी त्यानं पहिली तालीम ठेवली. शंभर मुलं येतील या हिशेबानं कागद ठेवायचे पन्नास स्टँड देणगीत मिळवले होते. आली किती? फक्त अकरा. ऑफिसात आपण एखादा इव्हेंट ठेवावा आणि केटरिंगवाल्यांपेक्षा पाहुणे कमी यावेत, तसला प्रकार! २००९ मध्ये ‘टेड’ पुरस्काराच्या भाषणात आब्रेऊनी स्वतःच सांगितलंय की त्या संध्याकाळी दोनच पर्याय होते. कार्यक्रम बंद करायचा, नाहीतर मुलं वाढवायची. त्यांनी त्या अकराजणांना शब्द दिला, की तुमचा ऑर्केस्ट्रा जगातल्या उत्तम ऑर्केस्ट्रांपैकी एक होईल.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, ही मंडळी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या आंतरराष्ट्रीय युवा महोत्सवात वाजवून आली. त्यानंतर सरकारनं पैसा द्यायला सुरुवात केली. गंमत म्हणजे हा पैसा बराच काळ कलेच्या नव्हे, तर समाजकल्याणाच्या खात्यातून येत होता. आब्रेऊंचा मुद्दाच तो होता. त्यांचं म्हणणं असं, की ऑर्केस्ट्रा हे समाजाचंच छोटं रूप. एकमेकांचं ऐकल्याशिवाय तिथे काहीच होत नाही. आज ही योजना जगभर ‘एल सिस्टेमा’ या नावानं ओळखली जाते.

कागदाचं व्हायोलिन

आता यातली खरी मेख बघू. आपल्याकडे साधारणपणे मूल आधी एकटं शिकतं. सरळी, अलंकार, परीक्षा... आणि ‘तयार’ झालं की मग कुणाबरोबर तरी वाजवतं. सिस्टेमानं हा क्रम उलटा केला. मूल पहिल्या दिवसापासून ग्रुपमध्येच बसतं. गल्लीबोळातल्या केंद्रात (त्याला ते ‘नुक्लेओ’ म्हणतात) शाळा सुटल्यावर रोज तीन-चार तास, आठवड्याचे पाच-सहा दिवस. वाद्य आणि शिकवणी, दोन्ही फुकट.

अगदी लहान मुलांसाठी तर ‘कागदाचा ऑर्केस्ट्रा’ असतो. आईबाबा आणि मुलं मिळून पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि रंग वापरून व्हायोलिन बनवतात. त्यातून आवाज येत नाही. मुलं ते खांद्याला लावायला शिकतात, कसं बसायचं, कधी उठायचं, हात वर करणाऱ्या माणसाकडे कसं बघायचं हे शिकतात आणि आपली चाल तोंडानं गातात. खऱ्या वाद्याला हात लागेपर्यंत मुलाला एक गोष्ट पक्की कळलेली असते. या गर्दीत माझी एक खुर्ची आहे.

दुसरी मेख म्हणजे शिकवणारे. दहा वर्षांच्या मुलीला चार सूर येतात ना, मग ती सात वर्षांच्या मुलाला ते चार सूर दाखवते. ऑफिसात नव्या जॉइनीला ट्रेनिंग द्यायची वेळ आली की आपल्याला अचानक कळतं, अरे, आपल्याला बरंच काही येतंय की! तसंच हे. आत्मविश्वास वाढवायची ही सगळ्यात स्वस्त युक्ती असावी.

आणि तिसरी, प्रोग्राम. तिथली मुलं सुरुवातीपासून आणि सतत लोकांसमोर वाजवतात. वर्षातून एकदा गॅदरिंगला नव्हे. त्यामुळे स्टेजची भीती साठायला वेळच मिळत नाही. शिवाय चूक झाली तरी ती पंधराजणांत वाटली जाते. शेजारचा सांभाळून घेतो, आपण पुढच्या मात्रेला पुन्हा गाडीत चढतो. एकट्यानं गाताना चुकलं तर सगळं थांबतं. इथे थांबत नाही.

आणि ‘नुसते ओठ हलव’ या वाक्याला सिस्टेमानं जे उत्तर दिलं, ते मला फार आवडलं. १९९० च्या दशकात बार्किसिमेतो शहरात ‘पांढऱ्या हातांचं’ गायकवृंद सुरू झालं. त्यात ऐकू न येणारी मुलं पांढरे हातमोजे घालून उभी राहतात. शेजारचा गट गातो आणि ही मुलं तेच गाणं हातांच्या हालचालींनी ‘म्हणतात’. काळ्या पडद्यावर ते पांढरे हात एकाच वेळी वर जातात तेव्हा नक्की कोण गातंय, असा प्रश्न पडतो. आवाज नसलेल्यांनाही स्वतःचा भाग मिळाला. कुणी त्यांना मागच्या रांगेत पाठवलं नाही.

सुपरमार्केट ते बर्लिन

यातून काय निघालं? बार्किसिमेतोमधल्याच एका ट्रॉम्बोनवादकाचा मुलगा याच रांगांमध्ये व्हायोलिन शिकला. गुस्ताव्हो दुदामेल त्याचं नाव. २००४ मध्ये त्यानं जर्मनीतली माहलर संचालन स्पर्धा जिंकली आणि २००९ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, तो लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा म्युझिक डायरेक्टर झाला. एडिकसन रुइझ हा कराकसचा मुलगा. आईच्या पगाराला हातभार म्हणून लहानपणी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरायचा. पुढे डबल बेस हातात आला आणि २००३ मध्ये, सतराव्या वर्षी, त्याला बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये जागा मिळाली.

१९ ऑगस्ट २००७ ला लंडनच्या ‘बीबीसी प्रॉम्स’मध्ये दुदामेलनं या मुलांना घेऊन कार्यक्रम केला. शेवटी मुलांनी देशाच्या झेंड्याच्या रंगांची जाकिटं चढवली, वाद्यं गरागरा फिरवत, उभं राहून, नाचत वाजवलं. व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा. सूट-बूट घातलेलं क्लासिकल संगीत असं घाम गाळताना क्वचितच दिसतं!

पण खरं सांगू? सिस्टेमाचं मोजमाप या दोघा-चौघा स्टार्सवरून करणं म्हणजे क्रिकेट अकादमीचं मोजमाप फक्त सचिनवरून करण्यासारखं आहे. संस्थेच्या सांगण्यानुसार लाखो मुलं या केंद्रांमधून गेली. त्यातली बहुतेक कुठल्याच फिलहार्मोनिकमध्ये नाहीत. कुणी नर्स झालं, कुणी मेकॅनिक. त्यांना काय मिळालं, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे काय?

‘आपल्याकडे असलं काही नव्हतंच’ असं म्हणायच्या आधी थोडं मागे जाऊ. आपलं संगीत शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, सेवा करायची आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचं, असा एक काळ होता. कुरुंदवाडला जन्मलेले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असंच शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ही चौकट मोडली. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वर्ग, अभ्यासक्रम, छापील पुस्तकं, परीक्षा... आणि एका खोलीत अनेक विद्यार्थी. ज्या घरांत गाणं शिकणं हलकं मानलं जायचं, त्या घरांतली मुलं-मुली तिथे येऊ लागली. पुढे हीच शाळा मुंबईत आली.

आज गावोगावच्या क्लासमध्ये ‘प्रारंभिक’ आणि ‘प्रवेशिका’च्या परीक्षा होतात, त्यांचं मूळ या परंपरेत आहे. खोली सगळ्यांसाठी उघडण्याचं काम आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच झालं. फक्त खोलीत आल्यावर आपण बऱ्याचदा रांगेनं एकेकट्याला म्हणायला लावतो आणि बाकीचे आपला नंबर कधी येतोय याची वाट बघत बसतात.

सगळंच गोड नाही

आता दुसरी बाजू. सिस्टेमाचं एवढं कौतुक झालं की त्याच्याविषयी शंका काढणं म्हणजे पाप वाटू लागलं होतं. २०१४ मध्ये जेफ बेकर या ब्रिटिश संशोधकानं या योजनेवर पुस्तक लिहिलं आणि खळबळ उडाली. त्याचं म्हणणं असं, की शिस्त प्रमाणाबाहेर आहे, सगळे निर्णय वरून येतात, मुलांना कुणी काही विचारत नाही. थोडक्यात, ऑर्केस्ट्रा म्हणजे लोकशाही कसली, तिथे तर सगळ्यांनी एकाची री ओढायची! विचार करण्यासारखं आहे.

मग आकडे आले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी १६ केंद्रांमधल्या, ६ ते १४ वयाच्या २,९१४ मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून काहींना लगेच प्रवेश दिला, काहींना वर्षभरानं, आणि दोन्ही गटांची तुलना केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात काय दिसलं? वर्षभरात मुलांचा स्वतःवरचा ताबा वाढला आणि वागण्यातल्या अडचणी कमी झाल्या. हा फायदा जास्त दिसला तो कमी शिकलेल्या आयांच्या मुलांमध्ये आणि आसपास हिंसा पाहिलेल्या मुलग्यांमध्ये. इतर बऱ्याच बाबतींत मात्र ठळक फरक आढळला नाही.

त्याच अभ्यासातला आणखी एक आकडा मात्र टोचणारा आहे. त्या राज्यांमध्ये गरिबीचं प्रमाण ४६.५ टक्के होतं, पण प्रवेश घेतलेल्या मुलांमध्ये गरीब होती फक्त १६.७ टक्के. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त फायदा होतो तीच मुलं दारापर्यंत कमी पोचत होती. फुकट आहे म्हणून सगळे येतात असं नसतं. रोज कुणीतरी आणून सोडावं लागतं, धाकट्या भावंडाला कुणीतरी सांभाळावं लागतं, वेळेवर जेवायला मिळावं लागतं. आपल्या सोसायटीत क्लास सुरू झाला तरी वॉचमनच्या मुलीला कुणी हाक मारल्याशिवाय ती आत येत नाही. तसंच हे.

देश कोसळतो तेव्हा

आणि सगळ्यात मोठी परीक्षा तर पुढे होती. तेलाची किंमत पडली, कारभार ढासळला, महागाईनं पगार खाऊन टाकले. औषधं, पीठ, दूध, सगळ्याचीच टंचाई. सिस्टेमा सरकारच्या पैशावर चालत होता, त्यामुळे त्याच्यावर सरकारची सावलीही होती. आपण राजकारणात नाही, असं संस्था आणि दुदामेल वर्षानुवर्षं म्हणत आले होते. ३ मे २०१७ रोजी कराकसमधल्या निदर्शनांत आर्मांडो कान्यिझालेस हा तरुण मारला गेला. तो सिस्टेमात व्हायोला शिकलेला मुलगा होता. दुसऱ्या दिवशी दुदामेलनं पहिल्यांदाच उघडपणे सरकारला दडपशाही थांबवायला सांगितलं. त्या वर्षी राष्ट्रीय युवा ऑर्केस्ट्राबरोबरचा त्याचा अमेरिका दौरा सरकारनं रद्द केला.

संगीतानं देश वाचवला नाही. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ७० लाखांहून जास्त माणसं व्हेनेझुएला सोडून गेली, त्यात सिस्टेमाचे हजारो वादक आणि शिक्षकही होते. १३ नोव्हेंबर २०२१ ला कराकसमध्ये ८,५७३ वादकांनी एकत्र वाजवून गिनेस विक्रम केला, त्याचा गाजावाजा झाला. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनॉस आयर्समध्ये पोचलेले व्हेनेझुएलाचे वादक सुरुवातीला मेट्रो स्टेशनांवर वाजवून चार पैसे मिळवायचे, दिवसा मिळेल ते काम करायचे. त्यांनी एकमेकांना हुडकून काढलं आणि स्थलांतरितांचा ऑर्केस्ट्रा उभा केला, लॅटिन वॉक्स मशीन. परक्या शहरात, खिशात काही नसताना, या माणसांना एक गोष्ट नक्की येत होती. चार अनोळखी माणसांत बसायचं, शेजारच्याचं ऐकायचं आणि आपली जागा धरायची.

आशा म्हणजे ‘सगळं छान होईल’ असं वाटणं, अशी आपली समजूत असते. इथे ती वेगळी दिसते. उद्या माझी कुणीतरी वाट बघतंय, एवढंच ते आहे. मुलाच्या मनात एवढं एक वाक्य पक्कं बसलं की आत्मविश्वासाचा वेगळा क्लास लावावा लागत नाही. मात्र त्यासाठी खरोखरच कुणीतरी वाट बघत असावं लागतं. नुसते ओठ हलवणाऱ्याची कुणी वाट बघत नाही.

त्या रविवारी आम्ही पाचला दहा मिनिटं असताना क्लासला पोचलो. मी लग्नाच्याच कपड्यांत मागे सतरंजीवर बसलो. ध्रुवपद आलं आणि भाचीनं तिचे चार सूर एक मात्रा आधीच वाजवले. शेजारच्या मुलीनं तिच्याकडे नुसतं बघितलं. पुढच्या वेळी दोघींनी मिळून मात्रा मोजल्या, मान हलवत, एक-दोन-तीन-चार, आणि सूर बरोबर जागेवर पडले.

गाडीत मी विचारलं, ‘‘चुकलीस तेव्हा भीती नाही वाटली?’’

‘‘नाही रे मामा,’’ मेलोडिकाची नळी पुसत ती म्हणाली, ‘‘परत येतं ना ते ध्रुवपद.’’

सिग्नलला गाडी थांबली होती. ती तिचं गाणं गुणगुणत होती. काचा बंद होत्या, म्हणून मीही जरा सूर लावून पाहिला. तिनं मला मागच्या रांगेत पाठवलं नाही.

चौकट : क्लास बघायला जाताय?

● प्रत्येकाला स्वतःचा भाग आहे का? चार सूर का असेनात, पण त्याचेच. सगळे कायम एकच वाजवत असतील तर मागच्या रांगेतलं मूल हरवतं.

● मोठी मुलं लहानांना शिकवतात का? ज्या क्लासात फक्त सर किंवा बाईच बोलतात, तिथे मुलं ऐकायला शिकतात, सांगायला नाही.

● चुकल्यावर काय होतं? एक तास मागे बसून बघा. चुकलेल्या मुलाकडे सगळे वळून हसतात की गाणं पुढे जातं?

● मुलांना विचारतात का? पुढचं गाणं कोणतं, हे कधीतरी त्यांनाही ठरवू द्यावं.

● दार कुणासाठी उघडं आहे? फी न परवडणाऱ्या एका मुलाचा खर्च चार मित्रांनी वाटून घेतला तर प्रत्येकाला एका मल्टिप्लेक्स तिकिटाइतकाही पडणार नाही. फक्त पैसे देऊन थांबू नका, त्या मुलाला हाक मारून आत आणा.

● आणि माळ्यावरचा तो कीबोर्ड? हौसेनं आणला होता, आठवडाभर वाजवला होता. काढा खाली, धूळ पुसा आणि कुणाच्या तरी हातात द्या. वाजवता येत असेल तर शनिवारचा एक तासही द्या.